खर्रा उधार नाही: आमच्या गावातलं किराणा दुकान

या दुकानाला पाटी नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आमच्या गावात एसटीतून उतरलं की ग्रामपंचायतीच्या मागच्या गल्लीत निळ्या दाराचं घर लागतं. समोरच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत दुकान चालवणाऱ्या काकू राहतात. मी सात वर्षांची असल्यापासून इथून सामान आणते आहे. आता वर्ध्याला एका लॅबमध्ये नोकरी करते, महिन्याचा किराणा एकदाच भरते आणि बिल बघून पैसे देते. पण हातात एकही रुपया नसताना आठ-आठ दिवस घर कसं चालतं, ते मी या दुकानाच्या उंबऱ्यावर पाहिलंय. त्याबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून लिहिते.

माझे बाबा सालदार होते. गुढीपाडव्याला साल ठरायचं आणि त्यातले निम्मे पैसे आधीच उचललेले असायचे. आई रोजाने निंदायला जायची, दिवाळीच्या सुमारास कापसाच्या वेचाईला. चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, बाजाराच्या दिवशी. पावसाची झड लागली की शेतात पाय ठेवता येत नाही, म्हणजे काम नाही, म्हणजे चुकारा नाही. आषाढ-श्रावणात ज्वारीच्या डब्याचा तळ खरवडल्याचा आवाज यायला लागला की आई भाकरी बंद करून कण्या शिजवायची. कण्यांना ज्वारी कमी लागते आणि पाणी घालून त्या वाढवता येतात. सोबत धुऱ्यावरून खुडून आणलेला तरोटा. तरोटा फुकट मिळायचा, पण त्याला लागणारं पळीभर तेल, चिमूटभर मीठ आणि चार मिरच्या विकतच्या होत्या. तेवढ्यासाठी मला काचेची बाटली घेऊन काकूंकडे पाठवायचे. दोन रुपयांचं तेल, एक रुपयाची चहापत्ती, अदपाव साखर. पैसे नसायचेच. मी दाराशी घुटमळले की काकू म्हणायच्या, "ने वं पोरी. पैसे काही पळून नाही चालले."

या दुकानाची खरी गोष्ट आहे ती त्यांची वही. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, लांबट, मधून दोऱ्याने शिवलेली. प्रत्येक घराचं एक पान. आणि त्या घराकडे त्याच हिशेबाची एक छोटी वही. सामान दिलं की दोन्ही वह्यांत एकाच वेळी लिहायचं, तेही समोर, मोठ्याने बोलून. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून आमची वही दुसरीत असल्यापासून माझ्या हातात. पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणाऱ्या बायांच्या घरी लिहिणारं कोणीच नसायचं. त्यांच्यासाठी काकू रेघा ओढायच्या, तेलाची उभी, मिठाची आडवी, आणि ती बाई स्वतः बोटाने रेघा मोजून खात्री करून घ्यायची. एकदा आमच्या दोन वह्यांत 40 रुपयांचा फरक निघाला. मी पाचवीत होते, भीत भीत सांगितलं. काकूंनी गिऱ्हाईकं थांबवली, पान वरपासून खालपर्यंत वाचलं, त्यांच्याकडून साबण-साखर दोनदा लिहिली गेली होती. त्यांनी ते खोडलं, बाजूला बरोबर आकडा लिहिला आणि मला म्हणाल्या, असंच पाहत जा. एका मोठ्या बाईने माझा हिशेब खरा धरला, असं तोवर कधी घडलं नव्हतं.

पोडावरच्या बाया बांबूच्या टोपल्या आणायच्या. काकू आधी टोपलीचा भाव सांगायच्या, मग सामानाचा, आणि मगच देवाणघेवाण. मी दुसऱ्या ठिकाणी चारोळीच्या बदल्यात नुसतं मीठ दिलेलं पाहिलंय, म्हणून हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरा नियम: खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू), बिडी, तंबाखू उधारीत मिळणार नाही. गावातली माणसं यावरून चिडतात. "खर्ऱ्याचे नगद लागतेत, भाऊ. तेलाचे राहू द्या," एवढं एकच वाक्य काकू वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. त्यामुळे आमच्या पानावर फक्त खाण्याचं सामान चढायचं. बाबांच्या तोंडात खर्रा असायचा, पण तो आमच्या जेवणाच्या हिशेबात कधी आला नाही.

आता दुबार पेरणीची गोष्ट. 2005, मी नववीत. बाबांनी साल सोडून पहिल्यांदाच तीन एकर ठोक्याने, म्हणजे ठरीव भाड्याने, केलं होतं. बीटी कापसाच्या बियाण्याची 450 ग्रॅमची थैली तेव्हा 1,600 च्या वर होती. तीन थैल्या लावल्या, पावसाने ओढ दिली, उगवलेलं करपलं, पुन्हा तीन थैल्या. त्यासाठी एका सावकाराकडून 10,000 घेतले, शेकडा 5 महिना. म्हणजे महिन्याला 500 नुसतं व्याज, वर्षाला 6,000, आणि मुद्दल जागच्या जागी. त्याच्याकडे वही होती, पण ती आम्हाला कधी दाखवली नाही. कोऱ्या कागदावर बाबांची सही मात्र होती.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत काकूंच्या वहीत आमचं पान 3,840 वर गेलं. इतकं कधीच चढलं नव्हतं. आई दुकानासमोरून जायचं टाळायला लागली, लांबून फिरून विहिरीवर जायची. तिसऱ्या दिवशी काकू स्वतः घरी आल्या. "वैनी, बिस्कुट नाही देत मी आता. मीठ, तेल, तिखट बंद नाही करत," म्हणाल्या आणि पुडीत बांधून आणलेली तुरीची डाळ चुलीजवळ ठेवून गेल्या. ती डाळही दुसऱ्या दिवशी वहीत लिहिली. मला हे आवडलं होतं. फुकट दिली असती तर आईने पुन्हा त्या दारात पाय ठेवला नसता.

मग वेचाई सुरू झाली. आईने पहिल्या दिवशी सीतादही केलं, पऱ्हाटीच्या झाडांना कापसाचे धागे गुंडाळले, दहीभात ठेवला. तीन एकरांत जे निघालं त्यातलं बरंच ठोक्यात आणि व्याजात गेलं. काकूंचे पैसे आईने दुसऱ्यांच्या शेतात वेचून फेडले. बोटांची टोकं बोंडांच्या कडांनी फाटलेली, संध्याकाळी ती कोमट तेलात बुडवायची, तेही काकूंकडचंच. होळीला पान कोरं झालं.

सावकाराचं कर्ज सुटायला आणखी तीन वर्षं लागली. आई बचत गटात गेली, महिना 50 रुपये, आणि गटाचं कर्ज शेकडा 2 ने घेऊन ते 10,000 एकरकमी तोंडावर टाकले. गटात व्याज दिलं तरी ते बायांच्याच पेटीत राहतं. त्या गटात काकूही होत्या. इतर गोष्टींपेक्षा मला हे मोठं वाटतं: उधारी देणारी आणि घेणारी एकाच सतरंजीवर बसून एकमेकींचे हप्ते मोजतात.

आता उणी बाजू. इथे सामान महाग पडतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मागच्या महिन्यात मी मुद्दाम मोजलं. 10 रुपयांचं सुटं तेल 55 ग्रॅम भरलं, म्हणजे किलोला 180 च्या वर. तेच तेल तालुक्याला पाकिटात किलोला 150 ने मिळत होतं. गरिबाला तेल महाग पडतं, ते यामुळे. आईकडे एकावेळी 150 रुपये कधी असायचेच नाहीत, आणि तालुक्याला जायचं तर एसटीचं तिकीट आणि बुडालेला रोज वेगळा. मी काकूंना हा आकडा दाखवला. त्या म्हणाल्या, माझे किती जण बुडवतात ते पण लिही. खरं आहे, दरवर्षी दोन-तीन पानं कोरी होत नाहीत. कोणी गाव सोडून वीटभट्टीवर जातं, एका घरी तर कर्ता माणूसच राहिला नाही. त्या घराच्या बाईकडे काकूंनी पैसे मागितले नाहीत. तरीही किलोमागे 30 रुपये जास्त आहेत असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. शिवाय हरभऱ्याची डाळ जुनी असते, सोंडे निघतात. चाळून घ्या.

वहीतलं सामान बदललंय. अन्न सुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो धान्य मिळतं, अंत्योदयला घरामागे 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. आमच्या घरात पाच माणसं, 25 किलो येतं. कण्या आता कोणी भूक मारायला शिजवत नाही. म्हणून वहीत धान्य जवळजवळ दिसत नाही. तेल, डाळ, तापाच्या गोळ्या आणि मोबाइलचा रिचार्ज दिसतो. रिचार्ज उधारीत द्यावा की नाही यावर काकूंनी बराच विचार केला असावा. देतात, कारण रोजाचं बोलावणं आता फोनवर येतं.

पण रेशनच्या मशीनला आईचा अंगठा लागत नाही. इतकी वर्षं वेचून रेषाच झिजल्या आहेत. दोनदा ती रिकामी पिशवी घेऊन परत आली, भाऊ बाहेरगावी कामाला होता. त्या संध्याकाळी घरात शिजलेला भात काकूंच्या पानावरचा होता, 2 किलो तांदूळ.

जाणार असाल तर सुटे पैसे न्या आणि दुपारी एक ते चार जाऊ नका, काकू झोपतात, वय झालंय. सोयाबीन वडी आणि गूळ चांगला मिळतो. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर चुकारा घेऊन आलेल्या बायांची रांग दिसेल, वही कशी मिटवतात ते बघता येईल.

मी महिन्याला आईला पैसे पाठवते. तरी तिने खातं ठेवलंय. मागच्या पोळ्याला मी गेले तेव्हा 615 रुपये निघत होते, ते मी दिले आणि म्हटलं, आता नगदच घेत जा. आई रस्त्यात थांबली. "खातं बंद केलं तं तिले वाटन आपण तिले सोडलं," म्हणाली. आम्ही परत वळलो. काकूंनी आमच्या पानावर आडवी रेघ मारलेलीच होती. त्यांनी काही विचारलं नाही. पान उलटलं, वर आईचं नाव लिहिलं आणि पोळ्याच्या पुरणासाठी पाव किलो गूळ तोलायला घेतला.