बदलापुरात भाड्याने: करार संपताना लिहिलेला अनुभव

करार संपत आला तसा एजंटचा फोन. "सर, रिन्यूअल करायचं ना? एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज." घर तेच, मालक तेच, मीही तोच. नवीन काय शोधून दिलंत, विचारलं, तर "सिस्टीम आहे सर."

वन बीएचके, पूर्वेला, स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटं, भाडं साडेसात हजार. परळला एवढ्याच पैशांत कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका खाटेपुरत्या जागेत, राहत होतो, त्यामुळे भाड्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. भाड्याला जे चिकटून येतं, त्याने डोकं फिरतं.

सोसायटीच्या बिलात दरमहा नॉन-ऑक्युपन्सीचे, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारे, ५०० रुपये. छापील आकड्यांच्या खाली पेनने 'भाडेकरू' लिहून त्याला लाल गोल. मालक म्हणाले, "तुम्ही राहता म्हणून लागतात, तुम्हीच भरा." आता राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश सांगतो की हा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या हिशोबात पालिकेचा कर धरायचा नाही. आमचे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे वगैरे मिळून ९०० होतात. म्हणजे ९० रुपये. उरलेले ४१० कशाचे? सेक्रेटरीकाकांसमोर बिल धरलं. "अहो, पाचशेसाठी एवढं काय! सगळेच भरतात." मीटिंगला बसायची सोय नाही, कारण मी सभासद नाही. पैसे मात्र सभासदापेक्षा जास्त. ४१० रुपयांत महिन्याचा भाजीपाला नाही येत, पण दूध बरंच येतं.

लोकलबद्दल सुरुवातीला घरी फोन करकरून रडलो होतो. सकाळी बदलापूर लोकल फलाटाला लागते तीच निम्मी भरलेली, कारण अंबरनाथकर जागा मिळावी म्हणून आधी उलटे बदलापूरकडे येतात (याला 'डाऊन करणं' म्हणतात) आणि त्याच गाडीत बसून राहतात. मग ऑफिसची वेळ तासभर अलीकडे घेतली आणि तक्रार जवळजवळ मिटली. पहाटेच्या गाडीला खिडकी मिळते, कल्याणपर्यंत मस्त झोप लागते. कर्जत लोकलच्या वाटेला मात्र जात नाही; ती नेरळ-वांगणीची गर्दी घेऊनच येते. संध्याकाळी दादरला चढणं अजूनही शिक्षाच आहे, त्यावर उपाय सापडलेला नाही.

घर बघायला येणाऱ्यांनी पावसाळ्यात या. पश्चिमेला उल्हास नदीच्या अंगाचं तळमजल्याचं घर स्वस्त दिसलं की आधी शेजाऱ्यांना २००५ आणि २०१९ च्या पुराबद्दल विचारा. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस इथेच, बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे निवांत. खिडकीतून डोंगर दिसतात, पंखा रात्री दोन नंबरवर पुरतो. हे परळला पैसे देऊनही नव्हतं.

तर राहतोय. एजंटला दलाली नाही, फक्त नोंदणीच्या कामाचे पैसे द्यायचे ठरले. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. मालकांच्या आईंच्या नावावर घर, त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. हात धुऊन, पुसून, पदराला घासून शेवटी उमटला. तेवढ्या वेळात मी मसुदा वाचून घेतला आणि 'नॉन-ऑक्युपन्सी आकार मालक भरतील' हे वाक्य घालायला लावलं. मालकांनी एकदा माझ्याकडे, एकदा आईंकडे पाहिलं आणि भाडं तीनशेने वाढवलं. तरी माझे दोनशे वाचले.