बाळाच्या कपाळावरचा लाल डाग: एमआरआय आत्ताच, की थोडं थांबून?

माझ्या भाचीच्या कपाळावर आणि उजव्या पापणीवर जन्मतःच लाल डाग होता. कोथरूडला बारशाला जमलेल्या बायकांनी "ग्रहण पाळलं नसशील" म्हणून बहिणीला रडवलं. म्हणून आधी हेच सांगते: यात आईचा काडीचाही दोष नसतो. पोटात बाळ घडताना एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू नावाच्या जनुकात बदल होतो आणि हा डाग, म्हणजे पोर्ट-वाइन डाग, उमटतो. 2013 साली हे कारण सापडलं. तो आनुवंशिकही नाही.

पण डाग नक्की कुठला? भुवयांमध्ये आणि पापण्यांवर फिकट गुलाबी, बाळ रडलं की गडद होणारा डाग कितीतरी बाळांना असतो. वर्षा-दोन वर्षांत तो पुसट होतो, त्यासाठी तपासण्या नकोत. जन्मानंतर काही आठवड्यांत फुगू लागतो तो हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. चेहऱ्यावर तो 5 सेंमीहून मोठा पसरला असेल, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि हृदय तपासून घ्यावं. सपाट, बहुधा एकाच बाजूला असलेला आणि मुलाबरोबर वाढणारा तो पोर्ट-वाइन डाग. फक्त गालावर असेल तर मेंदूला धोका फार कमी. कपाळावर असेल तर मात्र स्टर्ज-वेबर सिंड्रोमची, म्हणजे डागाबरोबर मेंदूच्या आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांतही दोष असण्याची, शंका घ्यावीच लागते.

लगेच एमआरआय केला आणि मेंदूवर परिणाम दिसला, तर घरचे सावध राहतात, औषधांचं आधीच ठरवता येतं. पण पहिल्या काही महिन्यांत दोष असूनही तो दिसत नाही असं होतं, त्यामुळे "नॉर्मल" रिपोर्टवर निर्धास्त होता येत नाही. शिवाय कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून दिलं जाणारं औषध) द्यावा लागतो, बऱ्याचदा भूलही. वर्षानंतर केलेला एमआरआय जास्त भरवशाचा. मात्र झटके (फिट) बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतात, म्हणजे तोवर डोळ्यांत तेल घालून बसायचं.

बाळाला झटका आलेला नसेल तर मला थांबणं पटतं, पण बाल-न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखालीच. डोळ्यांच्या बाबतीत थांबणं नाही. पापणीवर डाग असेल तर काचबिंदूची तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच हवी, आणि पुढेही नियमित. पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात बालरोग, त्वचा आणि नेत्र हे तिन्ही विभाग एकाच आवारात आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर तिथून सुरुवात करा.

बहिणीने थांबायचं ठरवलं. डाग उजवीकडे, म्हणून ती डाव्या हातापायांकडे लक्ष ठेवायची: लय धरून उडतात का, नजर एकीकडे खिळते का, बाळ वर्षाच्या आतच एकच हात वापरतंय का. असं काही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. झटका 5 मिनिटांत थांबला नाही, तर व्हिडिओ राहू द्या, 108 ला फोन लावा.