बूट धुवायची पिशवी: धडधड थांबली, वाळवायचं काम मात्र आपल्याच गळ्यात

धावायचे बूट नुसतेच मशीनमध्ये टाकले की जो आवाज येतो तो ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको, आतून कोणीतरी दार वाजवतंय असं वाटतं आणि स्पिन सुरू झाला की मशीन जागेवरून सरकत पुढे येतं. ही धडधड थांबावी एवढ्याचसाठी मी ही पिशवी मागवली. वर्षभर वापरतोय, महिन्यातून एकदा तरी, म्हणून आता लिहितोय.

पिशवी म्हणजे काय तर चेनची एक लांबट गुबगुबीत पिशवी आणि आतून सगळीकडे मायक्रोफायबरची जाड बोटं, बाथरूमबाहेरच्या पायपुसण्याला असतात ना अगदी तशीच. ही बोटं बूट घासून काढतात असं पाकिटावर लिहिलंय. ते थोडंसं खरंय. वरच्या जाळीदार कापडातली धूळ आणि घामाचे पांढरे डाग मस्त निघतात, पण माझ्याकडे आधी साधी पातळ जाळीची पिशवी होती त्यातही ते निघायचेच, कारण खरं काम पाणी आणि साबण करतात. सोलच्या खाचांमध्ये ही बोटं पोचतसुद्धा नाहीत, तिथे जुना टूथब्रश घेऊन बसावंच लागतं. आणि ओल्या चिखलाचे बूट तसेच टाकू नका प्लीज, आधी वाळू द्या, मग एकमेकांवर आपटून माती झाडा, खाचांमधले खडे काढा. मी दोनतीनदा आळस केला आणि नंतर मशीनचा खालचा फिल्टर उघडला तर त्यात खडे आणि वाळू.

आवाजाच्या बाबतीत मात्र पिशवीला पूर्ण मार्क. तरी एकटी पिशवी टाकली तर स्पिनला मशीन बिचारं तोल सांभाळायला बघतं, थांबतं, परत फिरतं, शेवटी कंटाळून पाणी तसंच ठेवून बंद पडतं. सोबत दोन जुने टॉवेल टाकले की हा प्रकार होत नाही.

हे सगळं फ्रंट लोडबद्दल. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये बहिणीकडे करून बघितलं तर पिशवी होडीसारखी वरच तरंगत बसली, कारण बुटाच्या सोलचा फोम हलका असतो, बुडतच नाही. ती म्हणाली, अरे दादा हे बूट धुतोयस की पोहायला शिकवतोयस. तिथे पिशवीचा फार उपयोग नाही असं माझं मत झालंय.

आता एक जुनी चूक सांगतो, पिशवी यायच्या आधीची. कपड्यांचा नेहमीचा प्रोग्राम लावला, त्यात पाणी ६० डिग्रीवर होतं ते बघितलंच नाही, बूट बाहेर आले तर एकाचा सोल पुढून सुटून चोच उघडावी तसा उघडलेला. बुटाचे थर गोंदाने चिकटवलेले असतात आणि उष्णतेने तो गोंद ढिला पडतो. तेव्हापासून थंड पाणी किंवा फार तर ३०, नाजूक कपड्यांचा प्रोग्राम आणि स्पिन मशीनमध्ये असेल तेवढा कमी. पिशवी गरम पाण्यापासून वाचवत नाही, त्यामुळे सोल निघाला म्हणून पिशवीला एक स्टार देणाऱ्यांनी आधी आपण काय बटण दाबलं होतं ते आठवावं.

नाड्या आणि आतला इनसोल काढूनच टाका. नाड्या छोट्या जाळीत धुवा, इनसोल हातानेच, कारण तो पाणी पितो आणि मग दोन दिवस वाळत नाही. पावडर नको, लिक्विड घ्या, तेही चमचाभर, पावडरचे कण जाळीत अडकून राहतात. कम्फर्टसारखं सुगंधी काही घालू नका, ब्लीच तर अजिबात नको. लेदर आणि स्वेडचे बूट मशीनपासून लांब ठेवा, आणि कंपनीने लेबलवर हातानेच धुवा लिहिलं असेल तर मशीनमध्ये टाकायची रिस्क आपली असते हे लक्षात ठेवा.

खरी परीक्षा धुतल्यानंतर सुरू होते. पिशवीतून काढले की बूट निथळत नसतात, त्यामुळे झालं काम असं वाटतं, पण पुढच्या भागात पायाच्या बोटांच्या इथे ओल अडकून बसते आणि ते तसेच घातले की वास परत हजर, आधीपेक्षा जास्त. ड्रायरमध्ये टाकायचे नाहीत, गोंदाचा तोच प्रॉब्लेम. कडक उन्हातही नाही, फोम आणि रंग दोन्हीची वाट लागते. मी बुटाची जीभ पूर्ण बाहेर ओढतो, आत जुन्या बनियनचे बोळे कोंबतो, दोनतीन तासांनी बदलतो आणि पंख्याखाली आडवे ठेवतो. वर्तमानपत्रही चालतं पण पांढऱ्या बुटाच्या अस्तराला शाई लागते, मला लागलीय. एवढं करून पूर्ण दिवस जातोच, जाड बुटांना दोन. पांढरे बूट वाळताना पिवळे पडत असतील तर बहुतेक साबण आत राहिलाय, एकदा जास्तीचं खंगाळून बघा, माझ्या बुटांना फरक पडला.

पिशवीच्या तक्रारी म्हणाल तर नवीन असताना तिचे धागे सुटून काळ्या बुटांवर चिकटले, म्हणून पहिल्यांदा रिकामीच धुवा. वेल्क्रोवाले बूट असतील तर पट्ट्या घट्ट लावूनच टाका नाहीतर ती बोटं वेल्क्रोत अशी गुंततात की सोडवत बसा. माझा पाय मोठा, त्यामुळे जोडी एका पिशवीत कोंबली की चेन ताणते, मी आता एकेक बूट वेगळा टाकतो म्हणजे दोन पिशव्या लागल्या. बायकोचे दोन्ही बूट एकीत आरामात मावतात. चेनचा लोलक अडकवायला वर इलॅस्टिकची छोटी पट्टी दिलीय, ती बारीकशी गोष्ट पण त्यामुळे फिरताना चेन उघडत नाही. माझ्या पहिल्या पिशवीची ती पट्टी गेल्या महिन्यात सैल झाली, आता तिथे सेफ्टी पिन न लावता चार टाके घातलेत, पिनने ड्रमला ओरखडे नकोत म्हणून.