सीपीयू वाटताना लिमिट लावू की वेट देऊ?

एका होस्टवर (म्हणजे खऱ्या सर्व्हरवर) आठ-दहा व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, बसल्या की हा प्रश्न येतोच. मेमरीचं त्यामानाने सरळ आहे, जेवढी आहे तेवढीच वाटावी, बलूनिंगच्या (चालू व्हीएमची मेमरी काढून दुसरीकडे देण्याच्या) भानगडीत निदान डेटाबेसवालीला तरी पाडू नये असं माझं मत. सीपीयूचं तसं नाही. व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये तर सीपीयू लिमिट (याच्या वर मिळणारच नाही) आणि सीपीयू युनिट्स (म्हणजेच वेट, ओढाताण झाली तर कोणाचा वाटा किती) हे दोन्ही रकाने एकाच खिडकीत असतात आणि माणूस सवयीने लिमिटच भरतो, मीही भरली होती.

लिमिटवर मी जवळपास वर्षभर काढलं आणि ती वाईट आहे असं म्हणणार नाही. कोणाला किती मिळणार ते आधीच सांगता येतं, कोणाची स्क्रिप्ट लूपमध्ये अडकली तरी शेजारणींना झळ बसत नाही.

पण माझ्याकडे रिपोर्ट काढणारी एक व्हीएम होती, चार व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) आणि लिमिट दोन कोअरची. लोकांची तक्रार अशी की स्क्रीन मध्येच अडकते नि मग सुटते, आणि होस्टवर बघावं तर निम्म्याहून जास्त सीपीयू रिकामा! दोन दिवस डिस्कला शिव्या घातल्या, मग नेटवर्कला, शेवटी गेस्टमध्ये, म्हणजे त्या व्हीएमच्या आत, टॉप ही कमांड लावली आणि कोपऱ्यातल्या ‘एसटी’वर (स्टील, म्हणजे सीपीयू हवा असूनही वाट बघण्यात गेलेला वेळ, टक्क्यांत) नजर गेली तर ती चाळीसच्या वर. स्टील दिसलं की शेजारी खातोय असंच आपण धरून चालतो ना, इथे शेजारी झोपले होते, खात होती ती मीच लावलेली लिमिट.

झालं असं की केव्हीएमवर (प्रॉक्समॉक्स व्हीएम चालवायला वापरतं ती लिनक्समधली सोय) ही लिमिट म्हणजे शेवटी लिनक्सचा कोटा, आणि तो डीफॉल्टला दर १०० मिलिसेकंदांनी नव्याने मिळतो. दोन कोअर म्हणजे प्रत्येक वेळी २०० मिलिसेकंदांचं सीपीयू काम. चारही व्हीसीपीयू एकदम पळाले की ते ५० मिलिसेकंदांतच संपतं आणि पुढचे ५० चौघेही गप्प बसून. सरासरी काढाल तर बरोब्बर दोन कोअर, ग्राफ एकदम गोड. पण एका स्क्रीनमागे दहा-पंधरा क्वेरी असल्या की हे थांबे साठत जातात, आणि त्यात कर्नलमधलं लॉक (एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली) धरून बसलेला व्हीसीपीयूच नेमका थांबला तर बाकीचे त्याची वाट बघत उरलासुरला कोटाही जाळतात.

वेटमध्ये ही कटकट नाही. एकीला १००, दुसरीला ३०० दिलं आणि दोघी एकाच कोअरवर भांडल्या तर एकीला पाव, दुसरीला पाऊण, भांडण नसेल तर जी जागी आहे ती सगळं घेते. व्हीएमवेअरमधले शेअर्स म्हणजे हेच, तिथे लो, नॉर्मल, हाय हे १:२:४ असतात. आकड्याला स्वतःची किंमत नसते, शेजारणीच्या तुलनेतच अर्थ, म्हणून एक सांभाळा, जुन्या सीग्रुपमध्ये (लिनक्समध्ये हे वाटप करणारी यंत्रणा) डीफॉल्ट वेट १०२४ होतं, दुसऱ्या आवृत्तीत १०० झालं, जुन्या कॉन्फिगमधून हाताने लिहिलेलं १०२४ तसंच आलं तर ती एक व्हीएम बाकीच्यांच्या दहापट वजनदार होऊन बसते.

वेटचा खरा त्रास माणसांचा आहे. होस्ट रिकामा असताना लोकांना पळणाऱ्या व्हीएमची सवय लागते आणि चार नव्या व्हीएम आल्या की “सर्व्हर स्लो झाला” सुरू होतं, सांगूनही पटत नाही की तुम्हाला ठरलेलं तेवढंच मिळतंय. तुम्ही पैसे घेऊन तुकडे विकत असाल किंवा आत कोण काय चालवतंय याचा भरवसा नसेल तर लिमिट लावा, तिथे मी वाद घालणार नाही. आपल्याच टीमच्या व्हीएम असतील तर मात्र मी वेटच देईन. आणि एखादीला दोन कोअरच्या वर जाऊच द्यायचं नसेल तर तिला दोनच व्हीसीपीयू द्या की, चार देऊन वर लिमिटचं कुलूप कशाला!

त्या रिपोर्टवालीची लिमिट काढली, वेट उलट कमी करून ५० केलं, तरी एसटी एक-दोनवर आली आणि तक्रार बंद. लिमिट आता फक्त रात्रीच्या बिल्डवालीवर ठेवलीय, ती कधी संपते हे सकाळपर्यंत कोणी बघत नाही.