जुन्या जरदोजीची ‘बदली’ करून घेताय? आधी वजन करा

जुन्या कपड्यावरचं जरदोजीचं काम नव्या कापडावर ‘बदली’ करून देतो, असं सांगणाऱ्या एका दुकानाने आमच्या घरच्या अंतरपाटावरची चांदी काढून घेतली आणि त्या जागी तांब्याची तार भरून दिली. लग्नसराई तोंडावर आली आहे, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर मूळचं इंदूरचं. हा अंतरपाट आजोबांनी भोपाळच्या कारागिरांकडून भरून घेतला होता. डाळिंबी रेशीम, मधोमध स्वस्तिक, भोवती वेल आणि खालच्या दोन कोपऱ्यांत मोर. घरातली सगळी लग्नं त्याच्याच आड लागली. आता रेशीम जागोजागी विरलं होतं, काम मात्र शाबूत होतं. भाचीच्या लग्नाआधी ते नव्या कापडावर घ्यायचं ठरलं.

जुन्या कामाला एवढी किंमत का, ते आधी सांगते. त्या काळच्या चांगल्या जरदोजीतला दबका चांदीचा असे. चांदीची कांडी एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढत तिची तार काढायची, तिच्यावर सोन्याचा मुलामा असायचा, आणि ती बारीक सळईभोवती घट्ट गुंडाळली की पोकळ वेटोळं तयार होतं. तोच दबका. कापड लाकडी अड्ड्यावर ताणून बसवतात. नक्षीच्या कागदाला रेषेवर सुईने भोकं पाडून वरून पूड फिरवली की खाका कापडावर उतरतो. मग कारागीर दबक्याचे बारीक तुकडे कापून, एकेक तुकडा सुईत ओवून टाक्याने बसवतो. आमच्या मोराच्या एका पिसातच असे कितीतरी तुकडे होते, आणि पोटाखाली सुताचा भराव असल्यामुळे मोर चांगला उठून दिसायचा.

खऱ्या बदलीत हे टाके कुणी उसवत नाही. मोर, वेल, स्वस्तिक कडेने जपून कापतात, नव्या कापडावर ठेवतात आणि फक्त कडेने शिवतात.

आमचा अंतरपाट परत आला तो लखलखीत. “पॉलिश केलंय, ताई,” दुकानदार म्हणाला. आईने तो हातात घेतला आणि लगेच म्हणाली, “हा हलका लागतोय.” मी उलटा करून पाहिला. मागे फक्त कडेचे टाके दिसायला हवे होते. इथे दबक्याच्या प्रत्येक तुकड्याचा टाका नव्या रेशमातून आरपार आलेला, तोही पॉलिस्टरच्या दोऱ्याचा. म्हणजे खाका आमचा उतरवून घेतला आणि काम सगळं नवं केलं. आमच्या ओळखीच्या सोनाराने एक तुकडा कापून भिंगाखाली धरला. वर सोनेरी, पण कापलेलं टोक लालसर. तांबं! चांदी असती तर टोक पांढरं दिसलं असतं. नंतर यंत्रावर तपासणी करून घेतली, तेव्हा तेच लेखी मिळालं.

दुकानात गेल्यावर आधी “थोडा नवा माल भरावा लागला” असं उत्तर मिळालं. मग जुना माल परत द्या म्हटलं, तर “तो कचरा होता, टाकून दिला.” अहो, जुनी जर विकत घेणारे गल्लोगल्ली फिरतात, ती वितळवून चांदी काढतात. चांदी कोण कचऱ्यात टाकतं? पावतीवर वजन मुद्दामच लिहिलेलं नव्हतं. ‘जुने काम बदली, १ नग’, बस एवढंच.

तुम्ही असं काम देणार असाल तर सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि ते पावतीवर लिहून घ्या. ‘टाके न उसवता बदली, निघालेला सर्व माल परत’ हे शब्द पावतीवर असू द्या. जो लिहायला नकार देईल त्याच्याकडे देऊ नका. पुढून आणि मागून जवळून फोटो काढा, विशेषतः जिथे काम थोडं वाकडं किंवा तुटलेलं आहे तिथले. आमच्या डाव्या मोराच्या तुऱ्यात एक टिकली कमी होती. नव्यात ती भरलेली आहे, आणि लग्नाच्या जुन्या फोटोत ती नाही. आज आमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे.

जरीची तार जाळून पाहण्याचा सल्ला बरेच जण देतात. प्लास्टिकची जर त्याने ओळखू येते, वितळून गोळी होते. पण दबक्याच्या आत दोराच नसतो, त्यामुळे तांबं की चांदी हे जाळून ठरवायला जाऊ नका. कापलेलं टोक भिंगातून पाहा.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानाने मजुरी परत केली, चांदीबद्दल मात्र अजून अवाक्षर नाही. मजुरी घेऊन गप्प बसा, असं सुचवणारेही भेटले. आम्ही ग्राहक आयोगात जाणार आहोत. सोनाराचा अहवाल, पावती आणि तो जुना फोटो वकिलांकडे दिला आहे.