बीएस६ पिकअपचं इंजिन ऑइल: सीआय-४ प्लस, सीके-४ की सी३?

वाशीच्या मार्केटमधून पहाटे भाजी भरून दादरला उतरवणारी पिकअप आणि भिवंडीहून नाशिकला माल नेणारी पिकअप, दोन्हींचं इंजिन अगदी एकच असलं तरी त्यातलं ऑइल सारखं म्हातारं होत नाही. तरीही दुकानात दोघेही एकच वाक्य बोलतात: "पंधरा-चाळीसचा कॅन द्या." पंधरा-चाळीस (कॅनवर १५डब्ल्यू-४०) हे ऑइलचं अर्धंच नाव आहे. त्यावरून ऑइल किती दाट ते कळतं. ते तुमच्या गाडीच्या सायलेन्सरला मानवेल की नाही, हे उरलेल्या अर्ध्या नावात असतं आणि ते कॅनच्या मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: सीआय-४ प्लस, सीके-४ (अमेरिकेतल्या एपीआय या संस्थेचे दर्जे) किंवा सी३ (युरोपातल्या एसीईए या संस्थेचा दर्जा).

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस६ डिझेल पिकअपमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ बसवलेला असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ऑइलची निवड आता या जाळीपासून सुरू करावी लागते. मुंबईत दुकानात प्रत्यक्ष समोर येतात ते पर्याय तीन:

| | १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस | १५डब्ल्यू-४० सीके-४ | ५डब्ल्यू-३० एसीईए सी३ |
|---|---|---|---|
| राख (सल्फेटेड ॲश) | सहसा १.२ ते १.५% | जास्तीत जास्त १.०% | जास्तीत जास्त ०.८% |
| १५० अंशांवरचा दाटपणा (एचटीएचएस) | किमान ३.७ | किमान ३.७ | किमान ३.५ |
| आम्ल मारण्याची ताकद (टीबीएन) | साधारण १० ते १२ | साधारण ८ ते १० | साधारण ६ ते ८ |
| कशासाठी | बीएस३, बीएस४, डीपीएफ नसलेली गाडी | डीपीएफवाली गाडी, मॅन्युअलमध्ये असेल तर | मॅन्युअलमध्ये सी३ मागितलं असेल तर |

राखेचा हिशेब

काजळी आणि राख यांत लोक गल्लत करतात. काजळी डिझेलची असते आणि डीपीएफ तापला की जळून जाते. राख ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक अशा घटकांची असते. ती कशानेच जळत नाही, जाळीत बसली ती बसलीच.

समजा इंजिन १०,००० किमीला १ लिटर ऑइल खातं. १ लिटर म्हणजे सुमारे ८७० ग्रॅम. १.५% राखेच्या ऑइलने त्यातून १३ ग्रॅम राख निघते, १% वाल्याने पावणेनऊ, ०.८% वाल्याने ७. लाखभर किलोमीटरला हेच आकडे १३०, ८७ आणि ७० ग्रॅम होतात. जाळी तुंबली की मागचा दाब वाढतो, गाडी ओढत नाही, डिझेल जास्त पिते आणि जाळी तापवून साफ करण्याची फेरी, म्हणजे रिजनरेशन, वारंवार लागते. म्हणून डीपीएफच्या गाडीत सीआय-४ प्लस घालू नये, मिस्त्री कितीही वर्षं तेच घालत आला असला तरी. त्याचा अनुभव खोटा नाही, तो जुन्या गाड्यांचा आहे.

जास्त टीबीएन म्हणजे ताकदीचं ऑइल, ही समजूतही त्याच काळातली. बीएस३ डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत असे, बीएस४ मध्ये ५०, आता १०. गंधकापासून होणारं आम्लच इतकं घटलं की १२ टीबीएनचं फारसं काम उरलेलं नाही.

"गरमीत जाड ऑइल हवं" हे कितपत खरं?

मुंबईत बाहेर २२ अंश असो की ३८, थर्मोस्टॅट इंजिनाचं तापमान जवळपास एकाच जागी धरून ठेवतो आणि चेंबरमधलं ऑइल ९० ते ११० अंशांच्या आसपास राहतं. ऑइलची परीक्षा उन्हापेक्षा वजन आणि चढ घेतात. त्या वेळी बेअरिंगमध्ये किती जाड थर टिकतो ते एचटीएचएसचा आकडा सांगतो. तक्त्यात पाहा: १५डब्ल्यू-४० चा किमान ३.७, सी३ चा किमान ३.५. फरक आहे, पण नावावरून वाटतो तेवढा नाही.

सावध राहायचं ते "५डब्ल्यू-३०" एवढंच वाचून कॅन उचलताना. याच नावाखाली एसीईए सी२ ऑइलही मिळतं आणि त्याचा एचटीएचएस २.९ पासून सुरू होतो. काही इंजिनं खास त्यासाठीच बनवलेली असतात, त्यांना तेच घाला. सी३ मागणाऱ्या इंजिनात मात्र सी२ घातलं की लोडवर थर पातळ पडतो. पेट्रोल कारची, नुसतं एसएन किंवा एसपी लिहिलेली ऑइलंही इथे चालत नाहीत. एफए-४ या एपीआयच्या डिझेल ऑइलच्या दर्जाचं तसंच: ते नवं असलं तरी सीके-४ च्या वरचं नाही, फक्त त्यासाठी बनवलेल्या इंजिनांचं आहे.

५डब्ल्यू चा खरा फायदा कडाक्याच्या थंडीत. १५डब्ल्यू ची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांवर होते, ५डब्ल्यू ची उणे ३० वर. मुंबईत याचा उपयोग एवढाच की सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल टर्बोपर्यंत थोडं लवकर पोचतं.

मुंबईचा खरा त्रास: ऑइलमध्ये उतरणारं डिझेल

या शहरात ऑइलची निवड इथेच ठरते. डीपीएफ भरला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उशिरा जादा डिझेल मारून धूर तापवतो. जाळी ६०० अंशांच्या आसपास गेली की काजळी जळते. त्याला सलग १५-२० मिनिटं गाडी धावती लागते. घोडबंदर रोडवर किंवा जेव्हीएलआरवर मुंगीच्या पावलांनी जाताना ती मिळत नाहीत. फेरी अर्धवट सुटते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, पुन्हा सुटते. ज्या इंजिनात हे जादा डिझेल सिलिंडरमध्येच मारलं जातं, तिथे प्रत्येक वेळी त्यातलं काही भिंतींवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं.

हे ऑइल मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिकवर) दिसतं. सकाळी, इंजिन गार, गाडी सपाटीवर. पट्टी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला, काढा. शेवटचं ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं होतं आणि आज ते खुणेच्या वर आहे, तर ते आपोआप वाढलेलं नाही. ६ लिटर ऑइलमध्ये ५% डिझेल म्हणजे ३०० मिली. दोन खुणांमधलं अंतर १ लिटरचं आणि ३० मिमीचं असेल तर पातळी ९ मिमी वर जाईल, नुसत्या डोळ्यांना कळेल एवढी. मग एक थेंब टिश्यू पेपरवर सोडा आणि तासाभराने बघा. मध्ये काळा ठिपका आणि भोवती फिकट, रुंद, तेलकट कडं पसरलं असेल, पट्टीला डिझेलचा वास असेल, तर ऑइल बदलायला झालं. किलोमीटर किती झाले हे तेव्हा विचारू नका. उलट, इंजिन ऑइल खात असेल तर एकीकडून जळतं, दुसरीकडून डिझेल येतं आणि पातळी जागच्या जागी दिसते. म्हणून वासही घ्यायचाच.

साधारण ५% डिझेल मिसळलं की ४० चं ऑइल (१५डब्ल्यू-४० मधला दुसरा आकडा) ३० च्या घरात येतं आणि ३० चं २० च्या. म्हणून मॅन्युअलमध्ये दोन्ही ग्रेड दिलेल्या असतील आणि गाडी शहरातच फिरत असेल, तर आमचं मत १५डब्ल्यू-४० सीके-४ ला. पातळ झाल्यावरही त्याच्याकडे उतरायला एक पायरी शिल्लक असते. मॅन्युअलमध्ये फक्त सी२ किंवा सी३ असेल तर हा सल्ला लागू नाही. तिथे ऑइल तेच, फक्त बदली लवकर.

डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद करू नका. रात्री सायन-पनवेल हायवे किंवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे मोकळा असताना एक गिअर खाली ठेवून, २,००० आरपीएमच्या वर, २० मिनिटं सलग चालवा.

पैसे

दर दुकानागणिक वेगळे, म्हणून हिशेबाची रीत देतो. समजा सीके-४ चं मिनरल ऑइल ३५० रुपये लिटर, सी३ सिंथेटिक ६५०, चेंबर ६ लिटरचा. एका बदलीला २,१०० आणि ३,९००. फरक १,८०० रुपयांचा. पातळ ऑइलने डिझेल १% वाचतं असं धरा. १३ चं ॲव्हरेज, १०,००० किमीला सुमारे ७७० लिटर डिझेल, त्याचा १% म्हणजे पावणेआठ लिटर. ९० रुपयांनी जेमतेम ७०० रुपये. म्हणजे "सिंथेटिकचे पैसे डिझेलमध्ये वसूल होतात" हे शहरातल्या पिकअपला लागू पडत नाही. नाशिक, पुण्याच्या लांब फेऱ्यांवर ऑइल स्वच्छ राहतं आणि मॅन्युअलमधली पूर्ण मुदत वापरता येते, तिथे सिंथेटिकचं गणित जमतं. टर्बोच्या बेअरिंगवर ऑइल करपण्याचं प्रमाणही त्यात कमी असतं. कसारा घाट चढून आल्यावर मिनिटभर गाडी चालू ठेवूनच बंद करायची, हे मात्र कुठल्याही ऑइलला चुकत नाही.

शहरात महागडं ऑइल पूर्ण मुदतीपर्यंत ताणण्यापेक्षा मध्यम दराचं योग्य ऑइल लवकर बदललेलं केव्हाही बरं. कारण मीटर खोटं बोलतो. उभ्या गाडीत इंजिन १ तास चालू म्हणजे साधारण ४० किमी धावल्यासारखं, असा ढोबळ हिशेब धरतात. रोज ६० किमी धावणारी आणि २ तास चालू ठेवून उभी राहणारी गाडी इंजिनाच्या दृष्टीने १४० किमी चालली. मीटरवर १०,००० दिसतील तेव्हा ऑइलचे २३,००० झालेले असतात. मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. मुंबईतल्या पिकअपने तीच पाळावी.

रंगावर जाऊ नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. ते काजळी धरून ठेवतंय एवढाच त्याचा अर्थ. चहासारखं दुधी झालं असेल तर मात्र गोष्ट वेगळी: पाणी शिरलं आहे. हिंदमातासारख्या ठिकाणी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारू नका. टो करा, ऑइल आणि एअर फिल्टर आधी तपासून घ्या.

सीएनजी पिकअपला यातलं काहीच नको. तिला सीएनजीसाठी दिलेलं ऑइलच घाला.

घेताना आणि बदलताना

सुटं ऑइल घेऊ नये. कॅनचं सील, बॅच नंबर आणि तारीख बघा. कॅनवर नुसतं "सीके-४ च्या दर्जाचं" असं असेल तर एपीआयचं गोल चिन्ह आहे का ते शोधा, आणि गाडीच्या कंपनीची मान्यता स्वतंत्र लिहिलेली असेल तर उत्तम. रिकामा कॅन गॅरेजमध्ये सोडू नका, भोक पाडून टाका. अख्खे कॅन पुन्हा भरले जातात. जुनं ऑइल नाल्यात न ओतता अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्या.

इंजिन ५-१० मिनिटं चालवून कोमट करा, ड्रेन प्लग काढून १५ मिनिटं पूर्ण गळू द्या. वॉशर नवाच घाला, जुना दाबून बसलेला असतो आणि तिथूनच पाझर सुरू होतो. फिल्टर प्रत्येक वेळी बदला, रबराला नवं ऑइल लावा. फिरवून बसवायचा फिल्टर हाताने टेकेपर्यंत आणि मग पाऊण फेरी, पाना लावून आवळू नका. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, मिनिटभर इंजिन चालवा, १० मिनिटं थांबा, मग पट्टी बघत उरलेलं थोडं थोडं घाला. काही गाड्यांत ईसीयू ऑइलमधल्या डिझेलचा अंदाज स्वतः मोजत असतो. स्कॅनर लावून तो आकडा शून्य केला नाही तर नव्या ऑइलवरही सर्व्हिसचा दिवा येतो.

वरच्या खुणेला काठोकाठ भरू नका, ३-४ मिमी खाली थांबा. त्या दिवशीची पातळी आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. पट्टी त्या रेषेच्या वर जायला लागली की डिझेल किती वेगाने मिसळतंय ते तुम्हालाच दिसेल.