गच्चीवरचा ठिबक संच आणि टायमर : दिवाळी ते वळीव, वापरानंतरचा अनुभव

गल्लीतल्या तिघीचौघींनी “घ्यावा काय गं आम्ही पण?” म्हणून विचारलंय, तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते. दिवाळीनंतर मागवला, हिवाळाभर वापरला आणि आता वैशाखाच्या उन्हात त्याची खरी परीक्षा चाललीय. आमचं घर बेळगावच्या वडगावात. गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत: मोगरा, अबोली, जास्वंद, कढीपत्ता, मिरच्या, वांगी, आणि दोन कापलेल्या ड्रमांत लिंबू नि डाळिंब. संच मी ठेवून घेतलाय आणि पुढच्या वर्षीही लावणार. पण खोक्यावर “बसवा आणि विसरा” असं छापलंय ना, ते मनावर घेऊ नका. विसरलात तर मेमध्ये निम्म्या कुंड्यांचं सरपण होईल.

खोक्यात मिळतं ते असं: १६ मिलिमीटरची काळी मुख्य नळी, ४ मिलिमीटरची बारीक नळी, ड्रीपर (कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारं तोंड), टी (तीन तोंडांचा जोड), एंड कॅप (नळीचं टोक बंद करायचं बूच), भोक पाडायचा पंच आणि नळाला लावायचा टायमर. जोडणी सोपी आहे. बारीक नळी घट्ट बसत नसली तर तिचं टोक गरम पाण्यात क्षणभर बुडवायचं, मऊ होऊन सरकते. बारीक नळी काळीच घ्या. पारदर्शक नळीत ऊन शिरून शेवाळ धरतं.

मुख्य घोळ दाबाचा आहे, आणि विकणारे हे कुणी सांगत नाहीत. आपल्याकडे नळ येईल तेव्हा टाकी भरून ठेवायची आणि तीच पुरवायची, ही बहुतेक घरची तऱ्हा. म्हणजे झाडांना पाणी जाणार ते टाकीतून, नुसत्या उतारानं. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार (दाब मोजायचं माप) दाब मिळतो. जिन्याच्या खोलीवर ठेवलेली टाकी गच्चीच्या वर असून असून दोन-अडीच मीटर, म्हणजे दाब पाव बारच्या आतबाहेर. बाजारातले बरेच टायमर सोलेनॉइड व्हॉल्व्हचे (विजेच्या चुंबकानं उघडणाऱ्या झडपेचे) असतात आणि त्यांना नीट उघडझाप करायला यापेक्षा जास्त दाब लागतो. टाकीवर चालवायचा तर आत छोट्या मोटरनं फिरणारा बॉल व्हॉल्व्ह असलेलाच टायमर पाहिजे. वर्णनात ‘शून्य दाबावर चालतो’ असं असेल तो घ्या. तसंच ‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’ (दाब बदलला तरी धार सारखी ठेवणारे) ड्रीपर शेतातल्या पंपावर उत्तम, पण त्यांनाही जास्त दाब लागतो, म्हणून गच्चीवर निरुपयोगी. आपल्याला टोपी फिरवून धार कमीजास्त करता येणारे साधे ड्रीपर बरे.

ड्रीपरवर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं. त्या हिशेबानं पंधरा मिनिटांत लिटरभर पाणी पडायला हवं, पण टाकीच्या दाबावर ते कधीच पडत नाही. त्यामुळे छापील आकडा बाजूला ठेवून स्टीलचे पेले घेतले आणि नळाजवळच्या, मधल्या नि शेवटच्या कुंडीतल्या ड्रीपरखाली एकेक ठेवला. दहा मिनिटांनी बघितलं तर पहिला पेला काठोकाठ आणि शेवटच्यात जेमतेम निम्मं. मुख्य नळीचं शेवटचं टोक एंड कॅपनं बंद न करता फिरवून पुन्हा सुरुवातीच्या टीला जोडलं, म्हणजे गच्चीभर एक बंद कडं झालं. आता पाणी दोन्ही बाजूंनी येतं आणि पेले जवळपास सारखे भरतात. या एका गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा टायमरच्या कुठल्याच बटणानं पडला नाही.

हिवाळ्यात तक्रार नाही. एक दिवसाआड सकाळी दहा मिनिटं चालू ठेवला तरी माती ओलसर राहायची. सासूबाईंना मात्र पहिल्यापासून पटलेलं नाही. “सलाईन लावल्यागत थेंब थेंब पाणी घालायलीस झाडास्नी, त्येंची तहान भागंल काय गं?” मी म्हटलं, “आत्या, माती उकरून तर बघा.” बोटभर उकरून त्यांनी बघितलं, आणि काही न बोलता आपल्या तुळशीला तांब्यानं पाणी घालायला गेल्या. तुळशीला आजही नळी नाही, त्यांनी लावू दिलेली नाही.

मार्चअखेरपासून चित्र पालटलं. बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो, ७५० मीटर उंचीवर आहोत तेही सांगतो; पण दुपारी दोनला आमच्या गच्चीवर अनवाणी येऊन दाखवा. कुंडीतली माती सुकून आक्रसते आणि कडेनं बोटभर फट पडते. ड्रीपरचं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून वाहतं, आणि मुळांभोवतीचा मातीचा गोळा आतून कोरडाच राहतो. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी भरपूर झालं. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलं तर आणखी पंचाईत, कारण ते एकदा कडकडीत वाळलं की पाणी लवकर धरतच नाही. उपाय म्हणजे कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, मग कडा दाबून घ्यायच्या, वर वाळक्या पाल्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घालायचं. टायमरची वेळही बदलली. वीस मिनिटं सलग सोडण्यापेक्षा पहाटे साडेपाचला आठ आणि संध्याकाळी सातला आठ मिनिटं, असं चांगलं जिरतं. दुपारी चुकूनही सोडू नका. काळ्या नळीत साठलेलं पाणी तेव्हा हाताला चटका देतं.

जे कुणी सांगितलं नव्हतं ते एप्रिलमध्ये कळलं. वांग्याची पानं फिकट पडली, त्यावर सुई टोचल्यासारखे बारीक पांढरे ठिपके, आणि पान उलटं करून उन्हाकडे धरलं तर खाली कोळिष्टकाचा धागा, त्यात हलणारे तांबूस कण. लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. जास्वंदीच्या शेंड्यांना पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड), आणि त्याच्या मागं मुंग्यांची रांग. गेल्या उन्हाळ्यात एवढं नव्हतं. फरक एकच: गेल्या वर्षी पाईप हातात धरून पाणी मारत होते, तेव्हा पानांवर, पानांखाली, शेंड्यांवर सगळीकडे पाणी बसायचं. धूळ जायची, कोळी धुऊन जायचे. ठिबक फक्त मुळाला पाजतं, पानं महिनोन् महिने कोरडी आणि धुळकट राहतात, आणि कोळ्याला कोरडं, तापलेलं पानच हवं असतं. तेव्हा ठिबक असलं तरी आठवड्यातून एकदा सकाळी पाईपची जोरदार धार पानांच्या खालच्या बाजूनं मारायचीच. पिठ्या ढेकणाला कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही ऊन उतरल्यावर. भर उन्हात तेल मारलं की पानं करपतात.

मोगऱ्याबद्दल मात्र संचाला पैकीच्या पैकी मार्क. थंडी सरताना छाटणी करून, पानं ओरबाडून, शेणखत घातलं होतं. पाणी नेमानं मिळाल्यानं यंदा कळ्यांना खळ नाही. काही कळ्या जांभळट होऊन गळतात, ती कळीतल्या अळीची करणी, तेवढ्या रोज वेचून टाकाव्या लागतात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आमच्या घरातल्या सगळ्या बायकांच्या डोक्यात घरचा गजरा होता.

वळवाची गोष्ट वेगळी. दुपारपर्यंत निरभ्र, चारला ढग भरून येतात, वारं सुटतं आणि गारा. पहिल्या वळवात बारीक नळ्या कुंड्यांतून उपसून गच्चीभर नाचत होत्या, आणि धो धो पावसात सातच्या ठोक्याला टायमर इमानदारीत पाणी सोडत होता. पाऊस पडला तर २४ किंवा ४८ तास थांबायचं बटण टायमरवर आहे, पण ते दाबायला तुम्ही घरी पाहिजे. ड्रीपरची खुंटी प्लास्टिकची असते, वाऱ्यात टिकत नाही. छत्रीच्या मोडक्या काड्या वाकवून मी नळ्या मातीत दाबून टाकल्यात. याच दिवसांत कावळे घरट्यासाठी तारा-काड्या गोळा करतात. आमच्या दोन नळ्या त्यांनी ओढून नेल्या, एक समोरच्या विजेच्या खांबावर लोंबकळतेय. उलट, मनीप्लांटच्या जाळीत बुलबुलानं घरटं केलं तेव्हा ठिबकचा फार उपयोग झाला. पिल्लं उडेपर्यंत त्या कोपऱ्यात कुणाला जावं लागलं नाही.

देखभाल म्हणाल तर फिल्टरची जाळी दर आठवड्याला धुवायची, आणि महिन्यातून एकदा शेवटचा जोड सोडून मुख्य नळीतून पाणी सोडून द्यायचं. टँकर किंवा बोअरचं पाणी भरत असाल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. लिंबूफुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात ड्रीपर रात्रभर भिजत टाकले की सुटतो. टायमरचे सेल चार-पाच महिने गेले. सेल उतरताना व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर टाकी रिकामी होते, म्हणून गावाला जाण्याआधी नवे घालून जा. माझ्या संचातल्या काही टी पहिल्याच कडक उन्हात तडकल्या. विकणाऱ्यानं फोटो मागवले, पुन्हा मागवले, मग गप्प. शेवटी रविवार पेठेत शेतीसामानाच्या दुकानात सुट्या मिळाल्या, स्वस्त आणि जास्त जाड.

कुंड्या दहा-बाराच असतील तर एवढा खटाटोप नको. त्यापेक्षा खानापूरची भाजलेली, बिनरंगाची छोटी गाडगी आणा, मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरून वर झाकण ठेवा. मातीची भिंत झिरपते, माती सुकेल तसं पाणी ओढलं जातं. लिंबाच्या ड्रममध्ये मी हेच केलंय आणि तिथं ठिबकची गरज उरलेली नाही. पंचवीसच्या वर कुंड्या असतील, किंवा सुट्टीत माहेरी जायचं असेल, तर संच घ्या.

मृग लागला की टायमर काढून सेल बाहेर, नळ्या गुंडाळून जिन्याखाली, थेट पाऊस सरेपर्यंत. तोवर कुणाला चालू असताना बघायचा असेल तर पहाटे साडेपाचला या, नाहीतर संध्याकाळी सातला. संध्याकाळी आलात तर चहा मिळेल.